शस्त्रक्रियेविना मणक्याचे उपचार : यंत्र घ्यावे की माणूस नेमावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, खेड येथील वैद्यकीय साहाय्य समितीच्या सभेत केलेले भाषण)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि बाजारपेठेतील कापडाचा व्यवसाय एवढीच माझी शिदोरी आहे. तरीही हा विषय माझ्याकडे आला, त्याला कारण घडले. मूळच्या खेडच्या, सध्या मुंबईस्थित असलेल्या एका उदार कुटुंबाने सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या ट्रस्टच्या दवाखान्याला एक यंत्र भेट देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. पाठीच्या आणि मानेच्या मणक्यांवरील दाब शस्त्रक्रियेविना कमी करणारे हे यंत्र आहे. 'नॉन-सर्जिकल स्पायनल डिकम्प्रेशन' असे त्या उपचाराचे भारदस्त नाव. यंत्राची किंमत लाखांच्या घरात आहे. ते दाता देणार, परंतु जागा, वीज, दुरुस्ती आणि ते चालविणारा तंत्रज्ञ यांचा दरमहाचा खर्च ट्रस्टच्या खात्यावर पडणार. भेट आलेला मालही पारखून घ्यावा लागतो. ती पारख करण्याचे काम समितीने माझ्यावर सोपविले. गेले काही महिने या विषयावर मिळाले ते वाचले, अस्थिरोगतज्ज्ञांना आणि भौतिकोपचारतज्ज्ञांना भेटलो, त्यांना प्रश्न विचारून कदाचित त्रासही दिला. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या खेड तालुक्यात हा विषय घरोघरचा आहे. आषाढात दिवसदिवस ओणवे राहून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया, वैशाखात आंब्याच्या पेट्या उचलणारे गडी, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये उभे राहणारे कामगार, वर्षानुवर्षे दुरुस्तीच्या वाटेवर राहिलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून गाडी हाकणारे चालक, आणि दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे आपण व्यापारी, या सर्वांची तक्रार एकच. जुलै २०२१ मध्ये जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा ताके आणि गाठी माळ्यावर चढविताना किती जणांच्या कमरेत उसण भरली, याची गणती पंचनाम्यात झाली नाही. जगाचा हिशोब पाहिला तर २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. तेव्हा दात्यांनी गरज ओळखली, याबद्दल शंका नाही.

आता या दुखण्याचे स्वरूप थोडे समजून घेऊ. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे आपले २४ मणके सुटे असतात. त्यांच्या खाली जुळून गेलेले त्रिकास्थी आणि माकडहाड. मणक्यामणक्यांत जी चकती असते तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना आहे. 'गादी सरकली' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः गादी जागची हलत नाही. तिची कड विरते, फाटते आणि आतील गर बाहेर डोकावतो. उशीची शिवण उसवावी आणि कापूस बाहेर यावा, तसा हा प्रकार आहे. तो गर जवळून जाणाऱ्या मज्जातंतूला लागला, की कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत किंवा मानेपासून हाताच्या बोटांपर्यंत कळ जाते. 'मणक्यात गॅप आला' हा आणखी एक लाडका शब्दप्रयोग. फिल्मवर दोन मणक्यांतील अंतर कमी दिसते, म्हणजे गॅप खरे तर घटलेला असतो. तरीही गॅप 'आला' असेच आपण म्हणतो. असो.

या गादीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातील पाणी बाहेर जाते, दाब हटला की ते पुन्हा आत येते, आणि त्या पाण्याबरोबरच तिला पोषण मिळते. म्हणून सकाळी उठताना प्रत्येकाची उंची रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटीमीटर अधिक भरते. अंतराळवीरांना वजनच नसल्यामुळे त्यांची उंची काही सेंटीमीटरने वाढते आणि, आश्चर्य म्हणजे, त्यांपैकी अनेकांची पाठ त्यामुळेच दुखते. दाब काढला की दुखणे गेले, इतके सोपे गणित हे नाही, याची पहिली खूण मला येथे मिळाली.

गादीतील दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात हे काम केले. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत सूक्ष्म मापक बसवून आकडे प्रसिद्ध केले. एकाच माणसाचे आकडे आहेत, तरी बोलके आहेत. दाबाचे एकक मेगापास्कल. स्वस्थ उभे असताना ०.५, पालथे निजले असताना ०.१, उभ्याने पुढे वाकले की १.१, आणि २० किलोचे ओझे पाठ गोल करून उचलले की २.३. तेच ओझे गुडघ्यांत वाकून उचलले तर १.७. म्हणजे नुसते आडवे झाल्याने उभ्याच्या पाचवा हिस्सा दाब उरतो, आणि लावणीला ओणवी झालेली बाई दिवसभर दुप्पट दाब सोसते. कापडाची गाठ कशी उचलावी हे आमच्या हमालांना कोणी शिकविले नाही, आणि आम्हालाही नाही. यंत्राच्या किमतीचा विचार करताना हे आकडे मी डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

मणका ओढून ताण देण्याची कल्पना फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या परंपरेत रुग्णाला फळीवर बांधून दोन्ही बाजूंनी ओढण्याचे वर्णन येते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या उपचारात 'आंछन' म्हणजे ओढणे सांगितले आहे, आणि रुग्णाला फळीवर निजवून स्थिर ठेवण्याच्या विधीस 'कपाटशयन' असे नाव आहे. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी पायात जाणारी कळ गादीचा गर मज्जातंतूला लागल्याने येऊ शकते हे दाखविले आणि शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरही रुग्णालयांत कमरेला पट्टा बांधून, पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून वजन सोडण्याची पद्धत टिकली. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी ते वजन लावून घेतलेले असेल.

नवे यंत्र हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे. रुग्णाला दोन भागांच्या टेबलावर निजवितात, छातीला आणि कमरेला पट्टे बांधतात, आणि संगणकाच्या आज्ञेने मोटर कंबर हळूहळू ओढते, थोडा वेळ धरते, सैल सोडते, पुन्हा ओढते. एकदम ओढले तर स्नायू विरोध करून आखडतात. तसे होऊ नये म्हणून हा चढउतार. मानेसाठी डोके धरणारा निराळा भाग असतो. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची, आणि चार ते सहा आठवड्यांत अशा वीस-पंचवीस बैठका घ्याव्या लागतात. मुंबई-पुण्यास ही सोय आहे. परंतु खेडच्या माणसाने कशेडी ओलांडून वीस वेळा जावे कसे? नातलगांकडे महिनाभर राहून उपचार घेतलेली माणसे आपल्या समाजात आहेत. काहींना बरे वाटले, काहींना नाही. यंत्र खेडलाच असावे या इच्छेमागे ही अडचण आहे.

आता दाव्यांकडे वळू. यंत्रविक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत यशाचे आकडे ऐंशी टक्क्यांच्या पुढचे असतात. 'गादी पुन्हा आत खेचली जाते', 'शस्त्रक्रिया टळते', 'अमेरिकेत मान्यताप्राप्त' ही तीन वाक्ये बहुधा सर्वत्र आढळतात. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा यंत्रांना शक्तिचलित ट्रॅक्शनच्या साधनांत गणून विक्रीस परवानगी दिली आहे. या प्रकारच्या परवानगीचा अर्थ, नवे साधन बाजारात आधीपासून असलेल्या साधनाशी मूलतः समान आहे, एवढाच असतो. म्हणजे जे यंत्र 'ट्रॅक्शनपेक्षा सर्वस्वी निराळे' म्हणून विकले जाते, तेच परवानगीच्या कागदावर ट्रॅक्शनसारखे आहे. जकात नाक्यावर एक वर्णन आणि गिऱ्हाइकापुढे दुसरे, हा प्रकार आपल्या व्यवसायातही अपरिचित नाही.

गादीतील दाब खरोखर घटतो काय? याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. १९९४ साली अमेरिकेतील एका न्यूरोसर्जरीच्या नियतकालिकात मोजक्या रुग्णांवरील मोजमाप प्रसिद्ध झाले. त्यात यंत्राने ओढत असताना गादीतील दाब शून्याखाली गेल्याची नोंद आहे. परंतु प्रश्न ओढत असतानाचा नाही. टेबलावरून उतरून रुग्ण भरण्या नाक्यापर्यंत चालत गेला, महिन्याने दुकानात बसला, वर्षाने लावणीला उतरला, तेव्हाचा आहे. त्यासाठी दोन गटांची तुलना लागते: एकाला ताण, दुसऱ्याला ताणाविना तेच बाकी उपचार. २०१३ साली कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २,७६२ रुग्ण होते. कंबरदुखीत, पायाची कळ असो वा नसो, ट्रॅक्शनमुळे वेदनेत, कामकाजात किंवा कामावर परतण्यात फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. २०१६ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी आपली तत्त्वे जाहीर केली. त्यांतही ट्रॅक्शन नित्य उपचार म्हणून वापरू नये असे आहे, आणि कमरेच्या पट्ट्यांविषयीही तसेच. व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची मात्र शिफारस आहे.

यावर विक्रेत्यांचा आक्षेप असा, की त्या चाचण्या जुन्या ट्रॅक्शनच्या आहेत, आमच्या संगणकीय यंत्राच्या नाहीत. आक्षेप अगदीच निराधार नाही. २०२२ साली पाकिस्तानात ६० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या भौतिकोपचाराला डिकम्प्रेशनची जोड दिलेल्या गटाला अधिक आराम पडला. पण तेथे पाहणी चारच आठवड्यांची आहे. वर्षभरानंतर काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय नव्या मालाचा नमुना दाखविण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. 'जुन्या वाणाची तक्रार आम्हाला लागू नाही' असे म्हणणाऱ्या गिरणीकडून आपण आधी धुऊन पाहण्यासाठी वार-दोन वार कापड मागतो. येथे तर माणसांच्या मणक्यांचा प्रश्न आहे.

मानेच्या बाबतीत मात्र चित्र थोडे वेगळे आहे. २०१४ साली अमेरिकेत, मानेतून हातात कळ जाणाऱ्या ८६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत व्यायामाबरोबर यंत्राने मानेला ताण दिलेल्या गटाची स्थिती सहा महिन्यांनी आणि वर्षाने केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली आढळली. उलट २०१६ साली कंबर आणि पायाच्या कळेच्या १२० रुग्णांवरील चाचणीत व्यायामाला ट्रॅक्शनची जोड देऊन काही अधिक लाभ दिसला नाही. सबब 'ट्रॅक्शन थोतांड आहे' असे मी म्हणणार नाही. अनेकांतदृष्टी आपल्याला जन्मापासून शिकवितात. ती मंदिराबाहेरही वापरावयास हरकत नसावी. मान आणि कंबर, हातात कळ जाणारा आणि न जाणारा, यांचे निरनिराळे खाते मांडले पाहिजे. मानेला मोजका ताण प्रशिक्षित हातांनीही देता येतो, हेही मला तज्ज्ञांकडून समजले.

माझ्या मते या साऱ्या विषयाची खरी गाठ 'शस्त्रक्रिया टळते' या दाव्यात आहे. तो ऐकला की आपल्या मनात दोनच पर्याय उभे राहतात : एकीकडे सुरी, दुसरीकडे यंत्र. यंत्रावर बरा झालेला रुग्ण सुरीपासून वाचला असे आपण धरून चालतो. परंतु तिसरा पर्याय जमेस धरलाच जात नाही. तो म्हणजे काळ.

२००७ साली हॉलंडमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ सोसणारे, गादीचा गर बाहेर आल्याचे निदान झालेले २८३ रुग्ण त्यात होते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोचलेली माणसे. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया करावयाची, निम्म्यांना थांबवून औषधे आणि भौतिकोपचार द्यावयाचे आणि असह्य झाले तरच शस्त्रक्रिया करावयाची, असे ठरले. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, हे नाकारता येत नाही, आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याला तो काळही मोलाचा असतो. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते, आणि थांबलेल्यांपैकी केवळ ३९ टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली. बाकीचे ६१ टक्के सुरीविना राहिले, आणि यंत्राविनाही. त्यांना कोणी त्या काळात पंचवीस बैठका दिल्या असत्या, तर सारे श्रेय यंत्राच्या जमेला लागले असते.

बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. २०१५ सालच्या एका आढाव्यात, गादीपासून सुटून बाहेर पडलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के तुकडे आपोआप आकसल्याचे आढळले. केवळ फुगवटा असलेल्या गाद्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. म्हणजे एमआरआयवर जे अधिक भयंकर दिसते ते विरून जाण्याचा संभव अधिक! त्याच वर्षी दुसऱ्या एका आढाव्यात, कसलेही दुखणे नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या. वयाच्या साठीत ८८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६९ टक्क्यांच्या फुगलेल्या होत्या, आणि ही माणसे ठणठणीत होती. त्यामुळे रिपोर्टवरील 'डिस्क बल्ज' हे शब्द वाचून घाबरून जाण्यापूर्वी माझ्या वयाच्या मंडळींनी हा आकडा स्मरावा. आपल्या केसांइतकीच आपली गादीही पिकते.

अंथरुणाला खिळून राहण्याचाही उपयोग नाही. १९९५ साली हेलसिंकीत, नव्याने कंबरदुखी झालेल्या १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा आणि सांगितलेले व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपेल तितके नेहमीचे काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. दुखणे जुनाट झाले की व्यायामाची वेळ येते, परंतु पहिल्या काही दिवसांत औषध म्हणजे बेतशीर हिंडणे-फिरणे. आपल्या घरांत नेमके उलटे घडते: कंबर धरली की सून सासूला पलंगावरून उतरू देत नाही.

आता धोक्याविषयी. पाठदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना गंभीर आजार नसतो, परंतु ज्या थोड्यांना असतो त्यांच्या मणक्याला ताण देणे घातक ठरू शकते. आपल्या देशात मणक्याचा क्षय अद्याप आढळतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन असेल तर आधी तपासणी हवी. ज्येष्ठ भगिनींची हाडे ठिसूळ झालेली असतात, मणका न पडताही दबून मोडलेला असू शकतो. कर्करोग पसरलेला असणे, मणक्यात सळ्या-स्क्रू बसविलेले असणे, गर्भावस्था, या सर्व ठिकाणी यंत्र वर्ज्य आहे. आणि एक लक्षण प्रत्येकाने पाठ करावे: पाठदुखीत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर तो तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नव्हे. अशा वेळी शेक नको, लेप नको, यंत्र तर नकोच. कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात तत्काळ जावे आणि तेथील डॉक्टर धाडतील तेथे पुढे जावे. येथे शस्त्रक्रिया हाच उपचार असतो आणि विलंबाने आयुष्यभराचे अपंगत्व येते. 'शस्त्रक्रियेविना' या शब्दाच्या मोहाचे हे सर्वांत मोठे भय आहे. दवाखान्यात यंत्र आले की त्याला रुग्ण लागतात, आणि तपासणारा डॉक्टर आठवड्यातून एकदा व यंत्र मात्र रोज, अशी स्थिती झाली तर वर्ज्य असलेला रुग्णही एखाद्या दिवशी त्या टेबलावर निजेल.

ताण देण्यासाठी यंत्रच हवे काय, याचेही उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. बेळ्ळूरहून म्हैसूरमार्गे १९३७ साली पुण्यास आलेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली तेथे रमामणी अय्यंगार स्मृति योग संस्था स्थापन केली. २०१४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पद्धतीत भिंतीत कड्या बसवून त्यांत दोर अडकवितात. दोर कमरेशी घेऊन पुढे झुकले की धडाचे वजनच मणक्याला हळुवार ताण देते. जोडीला पट्टे, लोड, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या. रुग्णाला झेपेल तेवढेच, आणि शिकवणारा शेजारी उभा. आपल्या दुकानात दोर, पट्टे आणि लोड कमी आहेत काय? अमेरिकेत याच पद्धतीच्या योगाची जुनाट कंबरदुखी असलेल्या ९० जणांवर २४ आठवडे परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि योग करणाऱ्यांची वेदना व अडचण दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेली आढळली. यातील लाभ दोरांच्या ताणाचा किती आणि नियमित हालचालीचा किती, हे सांगता येणार नाही. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. दोर गुरूविना वापरू नयेत, हेही येथेच सांगतो. घरी खुंटीला साडी बांधून प्रयोग करणारे उत्साही आपल्यात आहेत.

आणखी एक बाजू आपल्या ट्रस्टने विसरता कामा नये. चातुर्मासासाठी आणि शेषकाळात विहार करीत पूज्य साधू-साध्वीजी महाराज खेडला पधारतात. अनवाणी पायांनी मैलोगणती चाल, खांद्यावर उपधी, मान खाली घालून तासन् तास स्वाध्याय आणि लेखन. वयोवृद्ध साध्वीजींच्या मानेचे आणि कमरेचे दुखणे वैयावच्च करणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. विजेच्या वापरात तेजस्काय जीवांची विराधना मानली गेल्याने असे यंत्र त्यांच्यासाठी नाहीच. अपवादाने घ्यावे लागले तर पुढे प्रायश्चित्त. यंत्र उपाश्रयात जाऊ शकत नाही. प्रशिक्षित भगिनी जाऊ शकते, मर्यादा पाळून हातांनी तपासू शकते, बसण्याची ठेवण सुचवू शकते. आपल्या श्राविकांचेही तसेच. एक सामायिक ४८ मिनिटांचे, कटासण्यावर, पाठीला टेकू नाही. कंबर दुखते म्हणून सामायिक सोडलेल्या भगिनी मला ठाऊक आहेत. त्यांना बैठकीखाली दुमडलेली चादर घेऊन कंबर सरळ कशी ठेवावी, खमासमण देताना गुडघ्यांतून कसे उतरावे, एवढे सांगणारे कोणी मिळाले तर त्यांचे सामायिक पुन्हा सुरू होऊ शकेल.

हे सर्व पाहून माझी शिफारस अशी आहे. यंत्र स्वीकारू नये. त्याच रकमेची मुदतठेव करावी आणि तिच्या व्याजातून राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञांना आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात बोलवावे. त्यांत एक दिवस स्त्री-तज्ज्ञ असाव्यात. व्याज अपुरे पडले तर तुटीची तरतूद सर्वसाधारण निधीतून करावी, ती यंत्राच्या देखभालीपेक्षा अधिक होणार नाही असा माझा अंदाज आहे. सेवा सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना खुली असावी, जशी आपली औषधे आज आहेत. पहिली तपासणी डॉक्टरांची, मगच व्यायाम, हा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावावा. गंभीर लक्षणांची पत्रिका मराठीत आणि गुजरातीत छापून प्रत्येक दुकानात आणि लोट्याच्या कारखान्यांत पोचवावी; छपाई मी माझ्याकडून करून देतो. पावसाळ्यापूर्वी हमाल बंधूंसाठी आणि लावणीला जाणाऱ्या स्त्रियांसाठी ओझे उचलण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. आणि एक वही ठेवावी: रुग्ण आला तेव्हा किती चालू शकत होता, तीन महिन्यांनी किती, कामावर केव्हा परतला. वर्षअखेरीस ती वही सभेपुढे यावी. फळ दिसले नाही तर योजनाही बंद करावी. यंत्राला लावलेली कसोटी माझ्या शिफारशीलाही लागू आहे.

दात्यांशी मी दूरध्वनीवरून सविस्तर बोललो आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. यंत्रावर त्यांच्या दिवंगत मातोश्रींचे नाव कोरले जाणार होते. व्यायामावर नाव कोठे कोरणार? प्रश्न रास्त आहे आणि त्यामागील भाव त्याहून मोठा आहे. त्या माउलींना अखेरची काही वर्षे कंबरदुखीने उपाश्रयाच्या पायऱ्या चढता आल्या नव्हत्या, हे मला त्या संभाषणातच कळले. मी सुचविले आहे की या संपूर्ण सेवेलाच त्यांचे नाव द्यावे, दवाखान्याच्या दारावर तशी पाटी लावावी, आणि उपाश्रयाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हातधरणीचे कठडे याच निधीतून बसवावेत. त्यांनी कुटुंबाशी विचारविनिमय करण्यासाठी पंधरा दिवसांचा अवधी मागितला आहे. त्यांचा होकार आला की ठराव पुढील सभेत मांडतो. तोपर्यंत डॉक्टर मंडळींनी आणि आपण सर्वांनी माझे आकडे तपासून पाहावेत आणि हरकती लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात.

जय जिनेन्द्र.